पट्टा मारायच्या आधी

रस्त्यावर पांढरे-पिवळे पट्टे मारणाऱ्या टोळीचा मी सुपरवायझर आहे. आमचं काम बहुतेक रात्रीचं. दुकानं बंद झाली, वर्दळ ओसरली की कोन लावायचे, सुतळी ताणून खडूने आखणी करायची, केटलमध्ये, म्हणजे गॅसवरच्या टाकीत, थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवून पातळ होणारा पट्ट्याचा माल, वितळवायचं आणि पट्टा ओढायचा. माल साधारण दोनशे अंशांपर्यंत तापवावा लागतो. पट्टा ओला असतानाच वर काचेचे बारीक मणी टाकतो, त्यांच्यामुळे तो रात्री हेडलाइटमध्ये चमकतो. काही मिनिटांत तो असा घट्ट होतो की पुढे काढायचा म्हटलं तर ग्राइंडर लावून खरवडावा लागतो, आणि तरी खूण राहतेच.

गेल्या उन्हाळ्यात सांगलीत गणपती पेठेच्या अंगाला असलेल्या एका रस्त्याचं काम आलं. रस्त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दुहेरी वाहतूक बंद करून एकेरी करायची, साडेतीन-साडेतीन मीटरच्या दोन लेन आखायच्या आणि डाव्या कडेला सलग पिवळी पट्टी, म्हणजे तिथं गाडी लावायची नाही. नकाशा स्वच्छ होता. गर्दी होती हेही खरंच, संध्याकाळी तिथून रुग्णवाहिका काढणं मुश्किल व्हायचं.

आखणी चालू असतानाच एक बाई समोरच्या घरातून खाली आल्या. तळमजल्यावर त्यांची पिठाची गिरणी. पिवळ्या पट्टीची खडूची रेघ बरोबर गिरणीच्या पायरीसमोरून गेली होती.

"दादा, हितं गाडी थांबवायची न्हाई का आता?"

"लावायची नाही, मावशी."

"मग डबा कुठं उतरवायचा ओ माणसानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाच-दहा किलोचा डबा स्कूटरवर पायापाशी धरून आणणारं गिऱ्हाईक लांब गाडी लावून डबा उचलत येत नाही. ते दुसरी गिरणी बघतं. मावशी म्हणाल्या, "एकोणीसच्या पुरात मोटर गेली, जातं गेलं. पाणी उतरलं तसं गिऱ्हाईक परत आलं. ह्या रेघेनं गेलेलं येईल का?" २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी या पेठांमध्ये शिरलं होतं, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा प्रश्न किती खरा आहे ते कळेल.

तेवढ्यात बाजूला ट्रक खाली करणारे दोन हमाल येऊन उभे राहिले. त्यांचा प्रश्न निराळा होता. वनवे हातगाडीलाही लागू का? गोदाम रस्त्याच्या सुरुवातीला, दुकानं पुढे. भरलेली गाडी सरळ जाईल, पण रिकामी गाडी परत आणायची तर दोन गल्ल्यांना वळसा. "मोटारीला वळशाचं पेट्रोल लागतं, आम्हाला पाय लागतात," एक जण म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती माहिती होती. नकाशा आखताना ही माहिती कुणी विचारली असेल असं मला वाटत नाही.

केटल पेटलेली होती. माल जास्त वेळ तापत राहिला की पांढरा पिवळसर पडतो आणि फेकून द्यावा लागतो. पोरं माझ्याकडे बघत होती. मी गॅस बंद करायला सांगितला आणि टेप घेऊन रस्ता पुन्हा मोजला. कडेपासून कडेपर्यंत नऊ मीटर. साडेतीनच्या दोन लेन म्हणजे सात, उरले दोन. तीन-तीनच्या केल्या तर सहा, उरतात तीन. तीन मीटरमध्ये टेम्पो कडेला उभा राहतो आणि मागून वाहतूक चालू राहते. शिवाय साडेतीन मीटरची लेन हा मोकळ्या रस्त्याचा हिशोब आहे. पेठेत रुंद लेन दिली, त्यात समोरून कुणी येणार नाही हे माहीत असलं, की गाड्या वेग धरतात आणि पलीकडच्या डेअरीतून दूध आणायला निघालेली आजी कडेलाच उभी राहते.

अभियंत्यांना फोन केला. साहेब मोटरसायकलवर आले आणि न चिडता मावशींचं आणि हमालांचं ऐकलं, हे आवर्जून सांगायला हवं. गिरणी आणि गोदामाच्या टप्प्यात लेन तीन मीटरच्या करायला आणि पिवळी पट्टी तोडून माल उतरवायला जागा ठेवायला त्यांनी मान्यता दिली. लेन एकदम वाकवता येत नाही, तिरकस हळूहळू वळवावी लागते, म्हणून सगळी सुतळी पुन्हा ताणली. खडू पुसला, पुन्हा आखला. पट्टे पूर्ण व्हायला पहाट झाली.

सगळं साधलं नाही. कोपऱ्यावर वडापावचा गाडा लागायचा, तिथं डावं वळण मोकळं ठेवणं भागच होतं. तो आडगल्लीत गेला आणि त्याचा धंदा पडला. पुढे त्या बाजूला काम निघालं तेव्हा मी मुद्दाम त्याच्याकडे खायला गेलो. बोलला नाही फारसा. हातगाडीचा प्रश्न तर आमच्या हातातलाच नव्हता. एकेरी वाहतुकीचा आदेश मोटार वाहन कायद्याखाली निघतो आणि तो बदलणं सुपरवायझरच्या सुतळीला जमत नाही.

पण खडू आणि पट्टा यांच्यामधला वेळ आमच्या हातात असतो. कागदावरची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानात राहते. दुकानदाराला बदल दिसतो तो पायरीसमोर रेघ आल्यावर. म्हणून मी ठेकेदाराकडे मागणी केली, की पेठेतल्या कामाची आखणी दोन दिवस आधी, दिवसा, दुकानं उघडी असताना करू द्या. ते म्हणाले, खडू गाड्यांखाली पुसला जाईल. बरोबर आहे. त्यावर ऑइलपेंटचे ठिपके मारायचं ठरलंय, हातभर अंतरावर एक. एका डब्यात अख्खी गल्ली होते. ठिपके मारताना टोळीतला एक जण दारोदार जाऊन सांगणार, की पट्टा इथून जाणार आहे, काही अडत असेल तर परवा रात्रीच्या आत सांगा. पुढचं काम मिरजेत आहे, बाजाराच्या रस्त्यावर. तिथं असंच करणार आहोत.