कुबर पेडी: टेकडीच्या पोटातली घरं

जमिनीखालचं घर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तळघर येतं. कुबर पेडीत तसं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हे ओपल या रंगीत चमकणाऱ्या रत्नाच्या खाणींचं गाव, ॲडलेडच्या उत्तरेला सुमारे 850 किलोमीटरवर. इथली 'डगआउट' घरं टेकडीत आडवी कोरलेली. दार अंगणाच्या पातळीला, डोक्यावर काही मीटर खडक. बाहेर पारा 45 च्या वर गेला तरी आत 23 ते 25 अंश, एसीशिवाय. हिवाळ्यातही तेवढंच.

1915 मध्ये इथे ओपल सापडला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी अशा घरांची सुरुवात केली, तेव्हा हत्यार म्हणजे कुदळ-फावडं. आता बोगदा खणणारं यंत्र येतं. त्याच्या दातांचे गोल चरे छताभिंतींवर तसेच ठेवतात, आणि गुलाबी-पिवळसर वालुकाश्मावर ते फार देखणे दिसतात. छताला तुळई नसते, म्हणून दोन खोल्यांमध्ये जाड भिंत सोडावीच लागते. फडताळ हवं असेल तर भिंतीतच कोनाडा कोरायचा.

खरा त्रास दोन गोष्टींचा. एक, खडकाची भुकटी सतत झडते. म्हणून भिंतींवर पाण्यात कालवलेल्या पारदर्शक गोंदाचा हात मारतात. दुसरा, हवेचा. आतल्या खोल्यांना खिडक्या नसतात, तेव्हा छतातून थेट टेकडीच्या माथ्यापर्यंत उभा झरोका काढतात आणि वर टोपी बसवतात. तो बुजला की वाफ कोंडते, भिंत ओल धरते आणि ओला वालुकाश्म भुसभुशीत होतो. म्हणूनच स्वयंपाकघर आणि न्हाणीघर बहुधा दाराजवळ, पुढच्या बाजूला.

पाऊस वर्षाला जेमतेम 150 मिलिमीटरच्या आसपास. पाणी वीसेक किलोमीटरवरच्या बोअरचं, खारं. रिव्हर्स ऑस्मोसिसने गोडं केलेलं, त्यामुळे महाग. अंघोळ आटोपती घ्यायची.

गावाबाहेर मात्र जपून. ओपलसाठी ड्रिलने पाडलेली भोकं साधारण मीटरभर रुंद, वीस-पंचवीस मीटर खोल, आणि कित्येक उघडीच. फोटो काढताना मागे सरकू नका. तशा पाट्याच लावल्या आहेत. ओपल शोधायची हौस असेल तर ज्युएलर्स शॉप रोडवरच्या सर्वांसाठी खुल्या जागेतले मातीचे ढीग चाळा, दुसऱ्याच्या क्लेममध्ये, म्हणजे खाणकामासाठी नोंदवलेल्या जागेत, पाऊल टाकू नका. सोबत पाण्याची बाटली ठेवा: धुळीने माखलेल्या खड्यावर थोडं पाणी शिंपडलं की रंग आहे की नाही ते लगेच कळतं.