नाव घातलेले बांबू

"आंजीला चाललेय," म्हटल्यावर आत्या फोनवर खूश झाली. "मग आधी वर्ध्याला उतर, घरी दोन घास खा आणि मग जा." वर्ध्याजवळची आंजी नव्हे गं, चीनमधली, हे तिच्या गळी उतरवायला पुढची दहा मिनिटं गेली. शेवटी तिनं विचारलं, "तिथं आहे काय?" मी म्हटलं, "बांबू आणि चहा." "एवढंच?"

एवढंच. झेजियांग प्रांतात, हांगचौच्या वायव्येला हा डोंगराळ तालुका आहे. 2020 साली सुरू झालेल्या वेगवान रेल्वेनं हांगचौहून तासाच्या आत पोचता येतं. स्टेशन मागं पडलं की डोंगर लागतात आणि डोंगरांवर जिकडंतिकडं बांबू. आपला कळक बेटानं वाढतो, बेटात हात घालायचा तर काटे ओरबाडतात. इथला बांबू जमिनीखालून आडवा पळतो आणि मनात येईल तिथं डोकं वर काढतो. त्यामुळं प्रत्येक बांबू सुटा, आणि मधून खुशाल चालता येतं. त्याला म्हणतात 'माओ-चू', केसाळ बांबू. (हा 'माओ' आणि आडनावातला माओ अक्षरानं एकच.) नव्या बांबूवर हात फिरवला तर खरंच, कोवळ्या दुधीवर असते तशी लव लागली.

चालताना दिसलं की छातीच्या उंचीवर बांबूंवर काळ्या शाईनं काहीतरी लिहिलंय. मला वाटलं, आले असतील इथंही बदाम काढणारे. पण एकावर नाही, दहावर नाही, सगळ्या उतारावर तेच.

जिच्या घरी उतरले होते त्या बाईंना सगळे 'आयी' म्हणत. आयी म्हणजे तिकडं मावशी. माझ्या तोंडून मात्र दर वेळी सरळ 'आई'च निघायचं, आणि त्यांना ते चालायचं. फोनमधल्या भाषांतरावर आमचा संसार चालला होता. त्यांनी सांगितलं: वर लिहिलंय ते मालकाचं आडनाव, खाली उगवल्याचं साल. डोंगरावर बांध नाही, कुंपण नाही, आणि बांबूचं मूळ काही सातबारा बघून पळत नाही. म्हणून नवा बांबू उभा राहिला की घरच्यांनी जाऊन नाव घालायचं. तोडणीच्या वेळी सालावरून वय कळतं. वयही तिथं दोन-दोन वर्षांच्या जोडीनं मोजतात, कारण एक वर्ष कोंब भरपूर येतात आणि पुढचं वर्ष बेताचं जातं. तिसऱ्या जोडीपर्यंतचा राखायचा, चौथीचा तोडायचा, सातवीचा उभा ठेवायचा नाही, असा जुना हिशेब. "पण आता तोडायला पोरं कुठं आहेत?" आयी म्हणाल्या. फोननं हे वाक्य हवामानाचा अंदाज सांगावा तसं वाचून दाखवलं.

मला आमच्या घरची भांडी आठवली. लग्नात आलेल्या तांब्या-पातेल्यांवर टिंबाटिंबांनी घातलेली नावं. पंगतीला गेलेलं पातेलं त्या टिंबांवर घरी परत यायचं. आंब्याच्या खोडावर कोरलेलं नाव खोडाबरोबर फुगत, पसरत जातं. बांबूचं तसं नाही. तो जमिनीतून येतो तोच आपली पूर्ण जाडी घेऊन, दोनेक महिन्यांत उंची गाठतो आणि संपलं. त्यावरचं अक्षर लिहिलं तेवढंच राहतं. भांड्यावरच्यासारखं.

चहाच्या नावाची तर वेगळीच गंमत. 'आंजीचा पांढरा चहा' म्हणून तो विकतात, पण करण्याच्या रीतीनं तो हिरवा चहा. पांढरं असतं ते झुडपावरचं कोवळं पान. वसंतातली थंडी आहे तोवर त्यात हिरवा रंग भरत नाही, फक्त शिरा हिरव्या दिसतात. पारा तेवीस अंशांच्या वर सरकायला लागला की पान बाकीच्यांसारखं हिरवं होतं. 1982 मध्ये वरच्या एका खेड्यात या जातीचं एक जुनं झुडूप सापडलं आणि आजचे मळे त्याच्याच फांद्यांपासून वाढलेले. मी पोचले तेव्हा पितरांच्या थडग्यांची साफसफाई करायचा छिंगमिंगचा सण दोन दिवसांवर होता. त्याच्या आधी खुडलेल्या पानाला भाव जास्त, म्हणून गावात कुणाला मान वर करायला सवड नव्हती.

आयींनी सरळ काचेच्या उंच ग्लासात चिमूटभर पानं टाकली, वरून जरा निवलेलं गरम पाणी ओतलं. ना गाळणं, ना साखर. पानं आधी वर तरंगली, मग एकेक करून उभ्यानंच खाली उतरली. पाण्याला रंग म्हणावा असा रंगच आला नाही. ग्लास पुढं सरकवत त्या म्हणाल्या, "ह चा!" म्हणजे, चहा पी. त्यातला 'चा' मला फोनशिवाय कळला. आमच्या गावाकडं अजून 'चा'च म्हणतात. चव? हिरव्या मुगाच्या कढणाची आठवण देणारी, आणि गिळल्यावर मागून येणारा गोडवा. अर्धा ग्लास झाला की त्या पुन्हा पाणी ओतायच्या. तिसऱ्यांदा ओतलं तेव्हा मी 'बस, बस' म्हणून हात आडवा धरला. त्यांनी तो बाजूला केला.

निघताना आणलेला पुडा वर्ध्याला दिला. आत्यानं तो तिच्या सासूबाईंचं नाव घातलेल्या पितळी डब्यात ओतला, आणि घोटाळा नको म्हणून डब्यावर कागद चिकटवला: 'आंजीचा चहा'. शेजारच्या काकू परवा डबा हातात घेऊन विचारत होत्या, "आंजीत चहा कधीपासून पिकायला लागला हो?"