काजटाक्यावर उभी राहिलेली लेस

दादरच्या बाजारात लेस मीटरवर मिळते. तिच्यातली जी जाड, उठावदार पट्टी दुकानदार ‘जीपीओ’ म्हणून पुढे करतात, ती यंत्राने कापडावर भरून मग खालचे कापड विरघळवून काढलेली असते. ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची आहे. मात्र आधार घेऊन भरायचे आणि शेवटी आधारच काढून टाकायचा, ही कल्पना सुईने लेस विणणाऱ्यांनी त्याच्या कितीतरी आधी अमलात आणली होती.

सोळाव्या शतकात इटलीमध्ये पांढऱ्या लिननचे उभे-आडवे दोरे काढून चौकटी मोकळ्या करीत आणि उरलेल्या दोऱ्यांवर काजटाका भरीत. या कामाला रेतिचेल्ला म्हणतात. लखनौच्या चिकनकामातही जाळी असते, पण तिथे दोरे न कापता सुईने नुसते बाजूला सारतात. त्यामुळे कापड शाबूत राहते आणि जाळी बारीकच राहते. रेतिचेल्लातल्या चौकटी मात्र मोठ्या होत गेल्या आणि कापड नावापुरते उरले. 1587 मध्ये पॅरिसमध्ये छापलेल्या फेदेरिको विन्चोलो या लेस-नमुनाकाराच्या नमुन्यांत चौकोनाची ही शिस्त स्पष्ट दिसते. पुढे ‘पुंतो इन आरिया’ या प्रकारात कापडच वगळले गेले, नक्षी चर्मपत्रावर आली आणि तिथून वेलबुट्टीला हवे तसे वळता येऊ लागले. लेसच्या इतिहासात राजेरजवाड्यांच्या गळपट्ट्यांचे कौतुक फार होते. माझ्या मते खरी क्रांती ही, चौकटीतून सुटण्याची.

ती शक्य झाली काजटाक्यामुळे. शिंपी काजाला घालतो तशी जादा गाठ यात नसते. साधा फासा असतो आणि दुसऱ्या ओळीचा फासा पहिल्या ओळीच्या फाशात अडकतो, म्हणून टाक्याला कापड लागतच नाही. सध्या मी असा एक लहान पान-नमुना करीत आहे. जुन्या सुती साडीचे दोन पदर एकावर एक ठेवून त्यांवर नक्षीचा कागद टाचला, रेषेवरून दुहेरी दोरा ठेवला आणि तो थोड्या-थोड्या अंतरावर आडव्या टाक्यांनी खालपर्यंत पक्का केला. त्यानंतरची सुई कागदाला वा कापडाला शिवत नाही. ती या दोऱ्यातून व आधीच्या फाशांतून फिरते. टोकाऐवजी नेढ्याकडची बाजू पुढे घातली, तर दोरा चिरत नाही. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत बोटांना घाम येतो, सुई अडते आणि पांढरा दोरा बघता बघता मळतो, त्यामुळे हे काम मी पंख्याखाली, हात पुसत पुसत करते. पान भरून झाले की कापडाचे दोन पदर किंचित विलग करून त्यांच्यामधून पाते फिरवायचे. दोरा पक्का करणारे आडवे टाके तुटतात आणि लेस अख्खी सुटून हातात येते. कागदावर अडकलेले दोऱ्याचे तुकडे मग चिमट्याने वेचावे लागतात, आणि हा भाग मला मुळीच आवडत नाही.

व्हेनिसच्या लेसवर फ्रान्सचा फार पैसा जातो हे पाहून चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने 1665 मध्ये राजाश्रयाने लेसचे कारखाने सुरू करविले. त्यांतल्या आलांसाँ या फ्रेंच गावाचे काम आजही हाताने चालते. एका चौरस सेंटिमीटरला सुमारे 7 तास लागतात आणि 2010 मध्ये युनेस्कोने ते आपल्या वारसायादीत घेतले. तिथल्या पाना-फुलांची कडा उठून दिसते, कारण बाह्यरेषेवरच्या काजटाक्यात घोड्याचा केस घातलेला असतो. माझ्या नमुन्यात त्या जागी क्रोशाचा जाड दोराच आहे, पण पुढच्या पानासाठी व्हायोलिनचे गज दुरुस्त करणाऱ्याकडे चार केस मागून पाहणार आहे.