प्रगती नोंद: सभामंडपाची 100 व्होल्ट लाइन

देवळाच्या साउंड सिस्टिमचं काम मोजणीपर्यंत आलं आहे. 100 व्होल्टच्या लाइनवर आवाज जास्त व्होल्टेजने जातो आणि प्रत्येक स्पीकरपाशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर (लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, एलएमटी) ते उतरवतो. 250 वॉटच्या एका ॲम्प्लिफायरवर वीस स्पीकर आहेत. मंडपात 8 कॉलम (उभे, लांबट स्पीकर), प्रत्येकी 10 वॉटच्या टॅपिंगवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर निवडलेल्या पॉवरवर. प्रदक्षिणामार्गावर भिंतीचे 10 स्पीकर, 3 वॉटवर. अंगणात 2 भोंगे, 30 वॉटवर. बेरीज 170 वॉट. 80 टक्के, म्हणजे 200 वॉट, ही वरची मर्यादा धरली आहे. ट्रान्सफॉर्मरही थोडी पॉवर खातात, आणि पुढे कोणीतरी एखादा स्पीकर वाढवतोच.

लाइनचं गणित सोपं आहे: 10,000 ला (100 चा वर्ग) वॉटने भागलं की इम्पीडन्स, म्हणजे आवाजाच्या सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये मिळतो. मंडप 125, प्रदक्षिणामार्ग 333, अंगण 167. शाखा समांतर जोडलेल्या आहेत, म्हणून सगळं मिळून 59 ओहम. या ॲम्प्लिफायरला 100 व्होल्टच्या टर्मिनलवर 40 ओहमच्या खाली जाता येत नाही.

मोजणी करताना आधी ॲम्प्लिफायर सोडवायचा आणि प्रत्येक शाखा वेगळी मोजायची. यासाठी साधा मल्टिमीटर चालत नाही. तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरी (लाइनकडच्या) वाइंडिंगचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो आणि आकडा इतका कमी येतो की लाइन शॉर्ट आहे असं वाटतं. 1 किलोहर्ट्झवर मोजणारा इम्पीडन्स मीटरच हवा.

मंडप आणि प्रदक्षिणामार्ग हिशेबाच्या आसपास आले. अंगणात मात्र 167 ऐवजी 111 दिसले. हा आकडाच दोष सांगतो: एक भोंगा 333 ओहमचा, दुसरा त्याच्या निम्मा. म्हणजे एक एलएमटी दुप्पट पॉवर ओढतोय. उघडल्यावर तेच निघालं. 8 ओहमचं युनिट (भोंग्याचा आवाज करणारा भाग) सेकंडरीच्या, म्हणजे स्पीकरकडच्या वाइंडिंगच्या, 16 ओहमच्या टॅपवर होतं, त्यामुळे 30 ऐवजी 60 वॉट जात होते. असा भोंगा सुरुवातीला छान खणखणीत वाजतो, म्हणून चूक कानाला कळत नाही. युनिटची कॉइल जळते तेव्हाच कळते.

वायर 1.5 चौरस मिमी तांब्याची. अंगणापर्यंत 90 मीटर, जाऊन-येऊन 180 मीटर, रेझिस्टन्स साधारण 2.2 ओहम. 167 ओहमपुढे तो नगण्य आहे. हीच वायर 8 ओहमच्या स्पीकरला थेट जोडली असती, तर सुमारे 2 डेसिबल वाटेतच गेले असते. 100 व्होल्टची सगळी किमया इथे आहे. मात्र पूर्ण आवाजात ही लाइन झटका देते, म्हणून उघडे जोड नकोत आणि मेन्सच्या पाइपातून ती नेऊ नये.

भजनात डग्ग्याची थाप पडली की बोल फाटत होते. दोष स्पीकरचा नाही, छोट्या ट्रान्सफॉर्मरचा. व्होल्टेज तेच ठेवून फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) चुंबकीय फ्लक्स दुप्पट होतो. कोअर सॅच्युरेट झाला, म्हणजे आणखी फ्लक्स घेईनासा झाला, की इम्पीडन्स कोसळतो आणि ॲम्प्लिफायर प्रोटेक्शनमध्ये जातो. मिक्सरवर 120 हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचा आवाज कापणारा फिल्टर) लावला आणि शब्द स्वच्छ झाले. भोंग्यांना वेगळा, 300 हर्ट्झच्या आसपासचा फिल्टर हवा. त्यासाठी प्रत्येक एलएमटीच्या प्रायमरीला सिरीजमध्ये कपॅसिटर लावणं बाकी आहे.

गाभाऱ्याजवळचे दोन कॉलम जास्त वाजतात. त्यांचं टॅपिंग 10 वरून 5 वॉटवर आणल्यास आवाज फक्त 3 डेसिबलने उतरेल, म्हणून थेट 2.5 वर नेतोय. बेरीज 155 वॉट होईल आणि मंडपाची शाखा 154 ओहम दाखवायला हवी.