डेनालीत किती रात्री राहावं?

ज्यांना फक्त आकडा हवा आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो: तीन रात्री. दोनात भागतं, एकात भागत नाही, आणि पाठीवर तंबू टाकून रानात शिरणार असाल तर पाच. पण तुमची गाडी, तुमची माणसं आणि तुमचा महिना वेगळा असेल तर हा आकडा बदलतो, म्हणून तो कसा आला तेही वाचा.

अलास्कातलं डेनाली राष्ट्रीय उद्यान सुमारे ६० लाख एकरांचं आहे, म्हणजे २४ हजार चौरस किलोमीटरच्याही वर. एवढ्या मुलखात रस्ता एकच, ९२ मैलांचा. (तिथे सगळं मैलांत चालतं. 'अस्वल कुठे दिसलं?' तर 'मैल ३८ ला'. म्हणून मीही मैलच लिहितो.) पंधराव्या मैलावर सॅव्हेज नदी लागते. तिथपर्यंत डांबरी रस्ता आहे आणि आपली गाडी नेता येते. पुढे खडीचा रस्ता आणि उद्यानाच्या बस. सध्या तर बसही शेवटापर्यंत जात नाहीत. मैल ४५ च्या आसपास, प्रिटी रॉक्स नावाच्या जागी, डोंगराची अख्खी कडच रस्त्यासकट खाली सरकते आहे. जमिनीत कायम गोठलेला बर्फ असतो, तो वितळू लागला. २०१४ च्या आधी ही घसरण वर्षाला काही इंचांची होती; ऑगस्ट २०२१ मध्ये ती तासाला अर्ध्या इंचाहून जास्त झाली. मग उद्यानाने रस्ता बंद केला. दरीवर पूल बांधायचं काम हाती घेतलं आहे, पण आम्ही गेलो तेव्हा बस मैल ४३ ला, ईस्ट फोर्क नदीपाशी वळत होत्या.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण म्हणजे, इंटरनेटवरचे जुने वृत्तांत अजून 'वंडर लेकची बस अकरा तास घेते, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका' असंच सांगतात. (हे तळं रस्त्याच्या जवळजवळ शेवटाला आहे.) ईस्ट फोर्कची जाऊन-येऊन फेरी पाचेक तासांत आटपते. म्हणजे दिवस उरतो. त्या उरलेल्या दिवसाचं काय करायचं, यावरच किती रात्री राहायचं ते ठरतं. पुढे रस्ता उघडला की हे गणित परत मांडावं लागेल, तेव्हा निघण्यापूर्वी उद्यानाच्या संकेतस्थळावर रस्त्याची ताजी स्थिती बघाच.

आम्ही दोन कुटुंबं होतो: आम्ही तिघं, आणि मेव्हणी व साडूभाऊ. साडूभाऊंचं मत ठाम. "अहो, एक रस्ता, एक डोंगर. सकाळी जाऊ, संध्याकाळपर्यंत परत. तीन रात्री काय मोजत बसायचंय तिथे?" माझ्याकडे उत्तर तयार होतं, पण खरं सांगायचं तर वाद मिटवला तो एका नियमाने. मैल २९ ला टेकलानिका नावाचा कॅम्पग्राउंड आहे. तिथे स्वतःची गाडी घेऊन जाता येतं, मात्र किमान तीन रात्रींचं आरक्षण करावं लागतं, आणि एकदा गाडी जागेवर लावली की परत निघेपर्यंत ती हलवायची नाही. आम्ही भाड्याने मोटरहोम घेतली होती. मेव्हणीला नदीकाठची जागा आवडली. साडूभाऊ अल्पमतात गेले.

पहिल्याच संध्याकाळी गंमत झाली. प्रवेशद्वारापासून नऊ-दहा मैल आत आलो आणि झाडी विरळ झाल्यावर समोर डोंगर उभा! अख्खा, शिखरासकट. हाच डेनाली, ६,१९० मीटरचा, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच. सभोवतालचे डोंगर गडद निळे, आणि त्यांच्या पाठीमागे हा पांढरा, इतका वर की आधी तो ढगच वाटला. गाडी कडेला घेतली, फोटो काढले. साडूभाऊ म्हणाले, "झालं काम. उद्या निघू या का?" त्यानंतर आम्ही तिथे होतो तोवर डोंगराने तोंड दाखवलं नाही.

उद्यानात येणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांनाच डोंगर दिसतो, असं तिथले लोक सांगतात. यावरून काही हुशार मंडळी हिशेब करतात: एका दिवसात तेहतीस टक्के, म्हणजे तीन दिवसांत सत्तर टक्के. कागदावर बरोबर आहे, पण हवामान रोज सकाळी नव्याने नाणं उडवत नाही. दक्षिणेकडून, अलास्काच्या आखातावरून दमट हवा येते, या भिंतीला अडते आणि तिथेच ढग करून बसते. एकदा बसली की सलग काही दिवस हलत नाही. त्यामुळे डोंगरासाठी म्हणून एकेक दिवस वाढवत नेण्यात फारसा अर्थ नाही. डोंगरच बघायचा असेल तर दिवस वाढवण्यापेक्षा जागा वाढवा. दक्षिणेला टालकीट्ना नावाचं गाव आहे, तिथून छोटी विमानं शिखराभोवती फिरवून आणतात, काही तर हिमनदीवर उतरवतात. वाटेवर डेनाली स्टेट पार्कातले थांबे आहेत. ते वेगळं उद्यान आहे, आणि तिथून डोंगराची दक्षिण बाजू समोर येते. अँकरेज शहराहून येता-जाता एक रात्र टालकीट्नात टाकली तर उद्यानातल्या चौथ्या रात्रीपेक्षा ती जास्त उपयोगी पडते. फक्त विमानाची फेरी मुक्कामाच्या पहिल्या दिवशी ठेवा. हवामानामुळे रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारता येतं.

(नकाशांवरून गोंधळू नका. २०२५ पासून अमेरिकी सरकारी कागदपत्रांत शिखराचं नाव पुन्हा माउंट मॅकिन्ली झालं आहे. उद्यानाचं नाव मात्र डेनालीच आहे.)

डोंगर मिळाल्यामुळे पुढचे दिवस आमच्याकडे मोकळे होते, आणि ते सत्कारणी लागले असं साडूभाऊही आता मान्य करतात.

दुसऱ्या दिवशी भुरभुर पाऊस होता. टेकलानिकात राहणाऱ्यांना टेक पास मिळतो: बसचं एकच तिकीट काढायचं आणि मुक्कामभर, जागा असेल त्या बसमध्ये, पुढे पश्चिमेकडे जायचं. आम्ही पहिली फेरी न उतरता पूर्ण केली. कोणालाही काही दिसलं की तो 'स्टॉप' ओरडतो आणि चालक बस थांबवतो. पहिला तासभर सगळे दगडांना अस्वल समजून ओरडत होते. इग्लू आणि कॅथीड्रल या डोंगरांवर पांढरे ठिपके दिसले, दुर्बिणीतून बघितलं तर डॉल मेंढ्या. या मेंढ्यांची बेसुमार शिकार थांबावी म्हणूनच १९१७ मध्ये हे उद्यान झालं, हे चालकाने सांगितलं. सेबल पासपाशी एक ग्रिझली मादी दोन पिल्लांसह बेरी ओरबाडत होती. ऑगस्टचा शेवट म्हणजे अस्वलांची हिवाळ्याआधीची घाई, त्यांना बसकडे मान वर करून बघायलाही सवड नसते.

तिसऱ्या दिवशी तोच रस्ता, तीच बस. मुलगी कुरकुरली, "परत तेच?" पण ते तेच नव्हतं. आदल्या दिवशी कॅरिबू (तिथलं रानटी रेनडिअर) एकही नव्हता, आज नदीच्या वाळवंटात पाच-सहा जणांचा कळप चालला होता. पाऊस गेल्यामुळे लाल-केशरी टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेला खुरट्या झुडपांचा मुलूख, उघडा पडला होता. आणि मुख्य म्हणजे कुठे बघायचं ते आता डोळ्यांना कळलं होतं. एका दिवसाच्या पाहुण्यांना हेच मिळत नाही. त्यांची पहिली फेरी सवय होण्यात जाते आणि सवय झाली की परतीची वेळ होते. म्हणून माझा आग्रह: बसच्या दोन फेऱ्या, वेगवेगळ्या दिवशी. एक पूर्ण बसून, एक मध्येच उतरून.

उतरण्याबद्दल. हिरव्या ट्रान्झिट बसमधून, बंद केलेले भाग सोडले तर, कुठेही उतरता येतं. मन भरलं की रस्त्यावर येऊन उभं राहायचं आणि पुढच्या बसला हात करायचा. जागा नसेल तर त्याच्या पुढच्या बसला. तासभर थांबायची तयारी ठेवा, आणि शेवटच्या बसवर विसंबू नका. गाईडवाल्या टूर बसला ही सोय नाही, ज्या बसने गेलात तिनेच यायचं. आम्ही ईस्ट फोर्कला उतरलो आणि नदीच्या गोट्यांच्या पात्रातून चालत गेलो. तिथे पायवाटा नाहीत, मुद्दाम नाहीत. टुंड्रावर चालताना एकामागे एक न जाता पसरून चाला असं रेंजर सांगतात, म्हणजे वाट पडत नाही. लांबून मऊ गालिचा वाटणारा टुंड्रा प्रत्यक्षात ओल्या गवताच्या उंचवट्यांचा असतो. तासाला मैलभर अंतर कापलं तरी पुष्कळ. नदीचं पात्र त्यामानाने सोपं आणि उघडं, अस्वल लांबून दिसतं. हिमनदीचं पाणी दुपारनंतर चढतं, तेव्हा कुठला प्रवाह ओलांडायचाच असेल तर सकाळी. अस्वलापासून ३०० यार्ड, मूस (अवाढव्य हरीण) वगैरेंपासून २५ यार्ड अंतर राखायचा नियम आहे. झुडपांतून जाताना मोठ्याने बोलत राहा. अस्वल समोर आलं तर पळायचं नाही. मूस अंगावर आला तर मात्र पळायचं. मेव्हणीने हे दोन्ही नियम हातावर पेनने लिहून घेतले होते.

पाच रात्रींचा हिशेब इथूनच सुरू होतो. रानात तंबू टाकायचा तर परवाना तिथे जाऊन स्वतःच घ्यावा लागतो. उद्यानाचे विभाग पाडले आहेत, प्रत्येकात ठरावीकच माणसं सोडतात, माहितीसत्र होतं, अन्न ठेवायला अस्वलाला न उघडणारा डबा देतात. यात अर्धा दिवस जातो आणि हवा तो विभाग त्याच दिवशी मिळेल असं नाही. तेव्हा या मंडळींनी आधी-नंतर एकेक रात्र हाताशी ठेवावी.

शेवटचा दिवस बाहेर पडण्याचा. प्रवेशद्वाराजवळ हॉर्सशू लेकची छोटी पायवाट आहे, आणि कुत्र्यांचं घर. हिवाळ्यात इथले रेंजर कुत्र्यांच्या घसरगाडीवरून गस्त घालतात, १९२० च्या दशकापासून. उन्हाळ्यात प्रात्यक्षिक दाखवतात, फुकट. कुत्री गाडीला जुंपायच्या आधी जो गलका करतात तो ऐकण्यासारखा आहे. हे दोन्ही अर्ध्या दिवसात होतं, त्यासाठी वेगळी रात्र नको.

आता एका रात्रीवाल्यांबद्दल. अँकरेजहून आगगाडी सकाळी निघून दुपारी उशिरा पोचते आणि परतीची गाडी दुसऱ्या दिवशी दुपारी असते. एका रात्रीचं पॅकेज म्हणजे हातात साधारण वीस तास, त्यातली झोप वजा करा. सकाळची पहिली बस आधीच आरक्षित केली नसेल तर उद्यानाऐवजी हॉटेलांची रांग बघून याल. स्वतःच्या गाडीने अँकरेजपासून साडेचार-पाच तास, फेअरबँक्सपासून दोन. ज्यांच्याकडे खरोखर एकच रात्र आहे त्यांनी फेअरबँक्सहून यावं.

महिना: बस साधारण २० मेपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये रात्र अशी होतच नाही, रात्री दहालाही फिरता येतं, त्यामुळे दोन रात्रींत तीनचं काम होतं, पण डास. ऑगस्टअखेर डास सरतात, रंग येतात, रात्री काळोखी असल्याने नशिबात असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसतो. त्या बदल्यात पाऊस, आणि कधी बर्फही. तेव्हा जाणार असाल तर तीनपेक्षा कमी नकोच.

सोळा वर्षांवरच्यांना प्रवेशशुल्क माणशी १५ डॉलर होतं आणि ते सात दिवस चालतं, म्हणजे जास्त राहिल्याने तो खर्च वाढत नाही. आत पेट्रोल नाही, बसच्या वाटेवर खायला काही मिळत नाही आणि प्रवेशद्वार मागे पडलं की मोबाइल मुका होतो. टेकलानिकात पाणी आहे, अंघोळीची सोय नाही. तिसऱ्या दिवशी यावरून घरात बोलणं होतं, तेवढं धरून चाला.

आई-वडील सोबत असतील तर टेकलानिकाचा हट्ट धरू नका. प्रवेशद्वाराजवळ हॉटेलात दोन रात्री राहा, मधल्या दिवशी टूर बस घ्या आणि जाताना डाव्या बाजूच्या खिडक्या धरा. लहान मूल असेल तर बसमध्येही कार-सीट आपली न्यावी लागते. आणि काहीही ठरवलं तरी आधी बस किंवा कॅम्पग्राउंडची जागा पक्की करा, विमानाची तिकिटं त्यानंतर. उन्हाळ्यातल्या टेकलानिकाच्या जागा कित्येक महिने आधी संपतात.