कडेवरचा भाऊ

2024 च्या मार्चमध्ये शिक्षणसेवक म्हणून पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या शाळेत रुजू झाले. मी साताऱ्याकडची, त्यामुळे डोंगर आणि पाऊस दोन्ही ओळखीचे. अनोळखी होता तो वर्गातला शुकशुकाट. पट 27 आणि हजेरी कधी 11, कधी 9. मानधन महिना 16000, त्यातलं बरंचसं खोलीभाडं आणि जीपच्या फेऱ्यांत संपायचं.

जून-जुलैत मी तेच केलं जे सगळे नवे शिक्षक करतात. सकाळी पाड्यावर हिंडून पोरं गोळा करायची, आयांना शिक्षणाचं महत्त्व सांगायचं, दुपारी घसा बसलेला, आणि संध्याकाळी मोबाइलला रेंज शोधत ऑनलाइन माहिती भरायची. (ती माहिती कोण वाचतं हे मला आजही कोडं आहे.)

तिसरीतली एक मुलगी खिचडीच्या सुमाराला खिडकीशी यायची. कडेवर दीड वर्षाचा भाऊ, त्याचं नाक वाहतंय. आत काय चाललंय ते बघायची आणि निघून जायची. मी तिला दोनदा बजावलं, "त्याला घरी ठेवून ये." ती नुसती हसायची. शेवटी तिच्या आईला गाठलं. ती आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, निघाली होती. तिने मला एवढंच विचारलं, "मग याला कोण बघंल, बाई? तुम्ही बघाल?" मी उत्तर न देता परत आले. त्या रात्री बदलीच्या अर्जाचा मसुदाही लिहून झाला. नव्या माणसाची बदली होत नाही हे ठाऊक होतं, तरी लिहिला.

डी.एड.ला असताना आदिवासी मुलांच्या बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ मी टीपांसाठी पाठ केल्या होत्या. जन्म, संस्था, पुरस्कार, खाली रेघ. आता त्यांनी काम केलं ते कोसबाड माझ्या खोलीपासून दोन जीप बदलून जाण्याइतकं जवळ होतं. एका रविवारी घोलवडमार्गे, चिकूच्या वाड्यांतून, ती टेकडी चढले. आल्यावर त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचून काढलं, या वेळी टीपांसाठी नाही.

मला धीर आला तो त्यांच्या फसलेल्या सुरुवातीने. 1945 साली बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढलं तेव्हा ताराबाई 53 वर्षांच्या होत्या आणि अनुताई 35 च्या. अनुताईंचं लग्न तेराव्या वर्षी झालेलं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलेलं. पुढचं सगळं शिक्षण त्यानंतरचं. आणि एवढं सगळं करून या दोघींच्या बालवाडीत दूरच्या पाड्यांवरची वारली मुलं येईनात! मग बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. थोडी मोठी मुलं गुरांमागे जातात म्हटल्यावर शाळा कुरणात गेली, तिचं नाव कुरणशाळा. 1957 मध्ये काम कोसबाडला हललं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात होती. कारण? मोठी बहीण शाळेत यायची तर धाकटं भावंड कडेवर येणारच.

हे वाचून मला माझीच लाज वाटली. खिडकीतली ती मुलगी मला ऐंशी वर्षांपूर्वीचाच प्रश्न विचारत होती.

दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "घेऊन ये त्याला." पहिला आठवडा भयंकर गेला. त्याने खडू खाल्ला, हजेरीपत्रकावर शू केली, आणि पाढे सुरू झाले की तो बरोबर त्याच वेळी भोकाड पसरायचा. अंगणवाडी शेजारीच होती, पण तिथला वर्ग तीन वर्षांपुढच्यांचा. सेविकाताई तरी किती ओढणार? बघून गेलेल्या एका साहेबांनी "शाळा आहे की पाळणाघर?" असा टोमणाही मारला. मी मनात म्हटलं, दोन्ही. तोंडाने "हो सर" म्हटलं.

मग पडवीच्या वाशाला माझ्या जुन्या साडीची झोळी बांधली. पाड्यावरची एक आजी तंबाखू मळत दारात बसायची, ती आपण होऊन दोरी ओढायला लागली. आठवड्याभरात आणखी तीन भावंडं आली आणि त्यांच्यामागून चार मोठ्या बहिणी. त्यातली एक पटावरच नव्हती.

पण येणं वेगळं आणि शिकणं वेगळं. खिडकीतली ती मुलगी 43 लिहायला सांगितलं की 34 लिहायची, नाहीतर गप्प. एकदा तिच्यापुढे चिंचोक्यांचा ढीग ओतला आणि मी फळ्याकडे वळले. वळून पाहते तो तिने चिंचोके एकेक करून आडवे, मध्ये बोटभर फट सोडून, ओळीने लावलेले. एका ओळीत दहा. "असं का?" विचारलं तर म्हणाली, "वारा लागला पायजे ना बाई, नायतर ओल्या राहतात." विटा! आईबापाबरोबर भट्टीवर थापलेल्या विटा तिने अशाच मांडल्या होत्या. मजुरी हजार विटांमागे मिळते, म्हणजे हजार म्हणजे केवढे हे तिला माझ्याहून नीट माहीत होतं. मग दशक-एकक आम्ही विटांवरच केलं. चार पुऱ्या ओळी आणि वर तीन. 43 पुन्हा कधी चुकला नाही.

दिवाळी झाली आणि ट्रक आले. पाड्यावरची नऊ मुलं भिवंडीकडच्या भट्ट्यांवर गेली, तीही. जाताना प्रत्येकाला शिक्षण हमी कार्ड दिलं, म्हणजे तिथल्या जवळच्या शाळेत बसता यावं. तिचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलं, वर पेन्सिलीचे दोन तुकडे. नंतरचे सहा महिने त्या रिकाम्या जागेकडे बघून दोनदा जुना मसुदा बाहेर काढला. फाडला मात्र नाही, खोटं कशाला सांगू?

2025 च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा चार दिवस ती आली नाही. पाचव्या दिवशी आली. कार्डावर कुठल्याच शाळेचा शिक्का नव्हता. पाठीमागे मात्र एका खाली एक आकडे, बारीक, कडेपर्यंत. 1 पासून 412 पर्यंत. 289 गाळला होता. मी तो दाखवला तर तिने माझ्या हातातून कार्ड घेतलं आणि मधल्या फटीत कसाबसा बसवला.

भाऊ आता चालत होता. त्याने थेट खडूची पेटी गाठली.