आधी पक्षी, मग मिसळ

सोसायटीच्या ग्रुपवर मुलांच्या सहलीचा विषय निघाला आणि तासाभरात यादीत शिर्डी, हुरडा पार्टी, एक वॉटर पार्क आणि (लहान मुलांसाठी!) वायनरी येऊन बसली. नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या दोन इमारतींत घरी दुर्बीण असलेली मी एकटीच, म्हणून शेवटी "ताई, आता तुम्हीच काय ते ठरवा" असं म्हणून सगळे मोकळे झाले. मी ठरवून टाकलं. जानेवारीतला एक रविवार, एकच ठिकाण, नांदूर मध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य, आणि दुपारपर्यंत घरी परत.

"एवढ्यासाठीच गाडी करायची?" हा पहिला प्रश्न. हो, एवढ्यासाठीच. सहलीत चार ठिकाणं कोंबली की मुलांच्या लक्षात फक्त बस राहते.

बाकीचे पर्याय मी मनातल्या मनात उडवले नाहीत, नीट तोलून पाहिले. पांडवलेणी घराजवळ आहे, पायऱ्या चढून झाल्यावर पायथ्याचं वन उद्यानही बघता येतं, पण आमची निम्मी मुलं तिथे दर महिन्याला जातातच. अंजनेरी मला स्वतःला सगळ्यात प्रिय. मात्र तिथली कंदीलपुष्पं पावसाळ्यात फुलतात आणि कड्यावरची गिधाडं खालून ठिपक्याएवढी दिसतात. सात वर्षांचं पोर ठिपका बघायला एवढा चढ का चढेल? ममदापूरची काळविटं येवल्याच्या पुढे, म्हणजे अंतर वाढलं. गंगापूर धरणावर बोटिंग मस्तच, पण तिथे मुलं बोटच बघतात. नांदूरला मात्र पक्षी हजारोंनी असतात आणि मनोऱ्यावर चढलं की समोरच. दुर्बीण धरता न येणाऱ्यालाही काहीतरी दिसतंच.

नांदूर मध्यमेश्वर निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे. इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा, त्यामागे शंभरेक वर्षं साचत आलेला गाळ. गाळामुळे पाणी उथळ झालं, मधे बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. पाटबंधारेवाल्यांची डोकेदुखी ती बदकांची चैन. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. रामसर हे इराणमधलं गाव. तिथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागांचा आंतरराष्ट्रीय करार झाला, म्हणून तो पाणथळ दिन. त्याच्या आसपासचा रविवार मी मुद्दाम टाळला, गर्दी नको. संक्रांतीच्या जवळचाही टाळला, कारण त्या दिवसांत पोरांचं चित्त पतंगात असतं आणि बंदी असलेला नायलॉन मांजा तरीही कुठे ना कुठे लटकत असतो.

आता खरी मेख. तारीख ठरवण्याआधी हवामान बघतात तसं इथे पाणी बघावं लागतं. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून आवर्तन, म्हणजे ठरावीक काळाने सोडायचं पाणी, सुटलं की ते नांदूरच्या बंधाऱ्यात येतं आणि तिथून कालव्यांनी कोपरगाव, राहाता, वैजापूरकडे जातं. बंधाऱ्यामागचा फुगवटा भरला की उथळ काठ बुडतात. शेकाटे, चमचे, चित्रबलाक हे सगळे पक्षी पायांच्या उंचीएवढ्याच पाण्यात चरणारे, ते मग दुसरीकडे पांगतात. बदकांना तितका फरक पडत नाही. म्हणून आधीच्या आठवड्यात चापडगावच्या वनविभागाच्या केंद्रात फोन करून "पाणी किती आहे?" एवढंच विचारायचं. तिथली गावातलीच गाईड मुलं पक्ष्यांची नावं तर सांगतातच, पण कोणता थवा कालपासून कुठल्या बेटावर बसलाय हेही सांगतात. नेटवर असलं काही मिळत नाही.

त्यानंतरचा वाद वेळेचा, आणि तोच मोठा. जानेवारीत सूर्य सात वाजून गेल्यावर उगवतो. त्यानंतरचे दोन तास पक्षी चरतात, उडतात, भांडतात; ऊन चढलं की डोकं पंखात घालून बसतात आणि पाण्यावर हवा थरथरायला लागते. म्हणजे सातला पोचायचं, म्हणजे साडेपाचला निघायचं. द्वारका, मग चांदोरीला वळून सायखेड्याकडून चापडगाव, पहाटे रस्ता मोकळा असतो. यावर ग्रुपवर शांतता पसरली. मग एका बाबांनी लिहिलं, "वाटेत मिसळ खाऊन गेलो तर?" त्यावर अंगठ्यांचा पाऊस.

नाशिकच्या माणसाला मिसळीला नाही म्हणणं सोपं नाही, आणि मला म्हणायचंही नाही. पण मिसळ म्हणजे तास. तर्री, जादा पाव, पापड, वर ताक, मग कोणाला तरी वॉशरूम. तोवर नऊ वाजतात आणि आपण झोपलेली बदकं मोजायला पोचतो. तेव्हा पहाटे केळं, शेंगदाण्याचा लाडू आणि थर्मासमध्ये दूध; मिसळ परतीला, दहानंतर, हवी तितकी. हे मात्र मी मतदानाला टाकलं नाही.

थंडीची गोष्ट वेगळी. निफाडचा पारा दर हिवाळ्यात पेपरात येतो, तो उगीच नाही. नाशिकपेक्षाही तिथे जास्त गारठतं, आणि पाण्याकाठी आणखी. कानटोपी, हातमोजे, दोन स्वेटर. हातमोजे पातळ हवेत, नाहीतर दुर्बिणीचं चाक फिरवता येत नाही. या थंडीने एक तंटाही परस्पर मिटवला: कोणीतरी सोसायटीचं नाव छापलेले भडक नारिंगी टी-शर्ट मागवायला निघालं होतं. पक्ष्यांना रंग दिसतात, हे मी सांगून दमले. शेवटी "स्वेटरखाली कोणाला दिसणारेत?" यावर प्रकरण थांबलं.

बिबट्याचं विचारलंच जातं. गोदाकाठी उसाची शेती आहे, उसात बिबटे असतात, यात लपवण्यासारखं काही नाही. उजाडल्याशिवाय गाडीतून उतरायचं नाही, गाईडला सोडून कोणी पुढे जायचं नाही, आणि लघवीला उसाकडे तर अजिबात नाही.

दुर्बिणी तीन आहेत: माझी ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, आणि मागून आणलेल्या दोन. मुलांना दहापटीची देऊ नका, जितकं मोठं दिसतं तितकंच हातातलं हलणंही मोठं होतं, आणि मग पोर म्हणतं काही दिसतच नाही. पट्टा गळ्यात, सूर्य पाठीशी, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही.

शिकायचं काय, यावर मी सगळ्यात जास्त डोकं लावलंय. नावांची यादी पाठ करून घ्यायची नाही. प्रत्येक जोडीला एक पक्षी वाटून द्यायचा आणि दहा मिनिटं फक्त तोच बघायचा: काय खातोय, कसं खातोय, कोणाला हाकलतोय. चमच्या अर्धवट उघडी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतो. थापट्या बदक चोचीच्या कडेच्या जाळीतून पाणी गाळतं. मुग्धबलाकाच्या मिटलेल्या चोचीतही मधे फट राहते, तो गोगलगायी खातो. कपाळावर पांढरा टिळा असलेला वारकरी बदकासारखा पोहतो, पण त्याच्या बोटांना नुसत्या झालरी असतात. तलवार बदकं डोकं खाली घालून शेपूट आभाळाकडे करतात. याला हसून झालं की विचारायचं, ती बुडी का मारत नाहीत? कमळपक्ष्याची लांबलचक बोटं दिसली की सांगायचं, यांच्यात अंडी बाबा उबवतो. हे ऐकून काही आया नक्की काहीतरी बोलणार. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात, तेव्हा भारताचा आणि वरच्या आशियाचा एक नकाशा बरोबर घेतलाय. मोबाइल पिशवीत. परत आल्यावर हवं तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकू.

गाडी सतरा सीटर सांगितली आहे. मुलं आणि पाच मोठी माणसं धरून ती बरोबर भरली होती. मग काल दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात गाठलं. माहेर सायखेड्याचं. गोदावरीला त्या गंगाच म्हणतात, आणि गंगेचा पूर सायखेड्याच्या बाजारपेठेत कुठवर चढायचा, पाणी फार उतरलं की चांदोरीला नदीच्या पात्रातली जुनी देवळं कशी उघडी पडतात, हे सगळं त्यांनी तिथेच सांगितलं. थंडीचं विचारलं तर म्हणाल्या, "अगं, त्याच थंडीत वाढलेय मी." पाण्याच्या चढउताराबद्दल मी मुलांना जे तक्ता काढून समजावणार होते, ते त्या गाडीतच सांगतील आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. आजी येणार.

म्हणजे एक मोठं माणूस कमी करायला हवं. मिसळीचा ठराव मांडणाऱ्या बाबांनी पक्ष्यांबद्दल अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. त्यांना मी ग्रुपवर न लिहिता फोन करणार आहे. दहाला थेट मिसळीच्या ठिकाणी स्वतःच्या गाडीने या आणि आमच्यासाठी टेबलं धरून ठेवा म्हणून.